गाडीला घरची खुंटी, पंपाला रात्रीची पाळी



गावाचे नाव कापडे. पण सगळे शिवार पालथे घातले तरी कापसाचे एक बोंड सापडायचे नाही. रायगड जिल्ह्यात मुंबई-गोवा महामार्गावरचे पोलादपूर सोडून आत डोंगराकडे वळले की हा मुलूख लागतो. भात, नाचणी, वरी आणि भात निघाल्यावर ओलीवर टाकलेला वाल, एवढीच इथली शेती. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. आपल्याकडे सातशे-आठशे मिलिमीटर वेळेवर पडला तर साल बरे म्हणायचे; इथे त्याच्या चौपट पडतो. तरी शिमग्याच्या सुमाराला बायांच्या डोक्यावर हंडा असतोच. पडलेले पाणी उतारावरून सावित्रीत आणि सावित्रीतून खाडीत जाते. आपल्याकडे पाणी पडत नाही, त्यांच्याकडे टिकत नाही. कापसाचा पट्टा काय आणि कापडे काय, दोघेही कोरडवाहूच.

एवढ्या लांबच्या गावाची गोष्ट कापूस-ज्वारीवाल्यांपुढे मांडण्याचे कारण असे, की आपल्यावर होणारा एक अन्याय आम्हाला तिथे एकाच घराच्या अंगणात, एकाच खांबाखाली उघडा पडलेला दिसला.

एका घरातले दोन अर्ज

गेल्या शिमग्याला आम्ही कापड्याला एका कार्यकर्त्याच्या घरी मुक्कामाला होतो. त्यांचा पुतण्या मुंबईत नोकरीला. चाकरमानी सणाला गावी येतो तसा तोही आला. पण या खेपेला जुन्या बाजारातून घेतलेली एक गाडी घेऊन आला. बायको, दोन मुले, आईवडील आणि सामानसुमान मावेल अशी घरगुती गाडी. वैशिष्ट्य असे, की ती पेट्रोलवरही चालते आणि विजेवरही. तिला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर जोडीतला एक बैल पेट्रोल खाणारा, दुसरा वीज खाणारा. एक थकला तरी दुसरा जू ओढून नेतो. साध्या हायब्रिड गाडीतही बॅटरी असते, पण ती बाहेरून भरता येत नाही. इंजिनावर आणि ब्रेक दाबताना वाया जाणाऱ्या जोरावर जेवढी भरेल तेवढी भरते. या गाडीला मात्र वायर असते. रात्री अंगणात उभी करायची, घरच्या विजेवर बॅटरी भरायची, सकाळी चाळीस-पन्नास किलोमीटर थेंबभर पेट्रोल न जाळता हिंडायचे. लांब निघाले की पेट्रोल आहेच.

पुतण्याने चार्जरची पेटी काढली आणि ओटीवरच्या पंधरा अँपियरच्या सॉकेटला लावली. पेटीवर तांबडा दिवा लागला. गाडी वीज घेईना. वायरमनने पाहून सांगितले, घराला अर्थिंगच नाही. आपल्या घरांत पंखा, टीव्ही, मिक्सर अर्थिंगवाचून मुकाट चालतात, शॉक बसला तर माणसाला बसतो. ही पेटी मात्र अर्थिंग असल्याशिवाय कामाला लागत नाही. मग अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केले, जाड तांब्याची वायर ओढली, स्वतंत्र खटका बसवला. तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. संध्याकाळी सगळ्या वाडीचे दिवे पेटले की दाब उतरायचा आणि पेटी पुन्हा बंद पडायची. मध्यरात्रीनंतर सुरळीत चालायची. मुलगा शिकलेला. त्याने वाढीव भारासाठी अर्ज केला, कोटेशन भरले आणि महिन्याच्या आत काम होऊन गेले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. कामे अशीच व्हायला हवीत.

आता दुसरा अर्ज. त्याच घरातल्या थोरल्या काकांचा. ओढ्याकाठी त्यांची विहीर आहे, वीजखांबापासून दोन खांबांच्या अंतरावर. तीन एचपीची मोटर बसली तर वालाला दोन पाणी देता येतील, उन्हाळ्यात भाजीचे चार वाफे निघतील, एवढाच त्यांचा बेत. त्यांनी पंपासाठी अर्ज दिला तेव्हा पुतण्याच्या मुलीचा जन्म झालेला नव्हता. ती मुलगी आज चौथीत आहे. काकांनी इतक्या वर्षांत वीजकचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. कधी साहेब नवीन, कधी सामान नाही, कधी उद्दिष्ट संपले. आणि शेवटी सांगण्यात आले की आता विजेची जोडणी विसरा, सौर पंप घ्या. विहीर दोन डोंगरांच्या बेचक्यात, दुपार कलली की सावली. तिथे पत्रे काय तापणार?

पुतण्याची गाडी हिरव्या दिव्याखाली वीज पीत उभी होती. काका ओटीवर बसून पाहत होते. म्हणाले, "तुझ्या गाडीला तहान लागली ती सायबाला महिन्याभरात दिसली. माझ्या वालाला लागते ती नाय दिसत रे कुणाला." पुतण्या खाली मान घालून गप्प बसला. त्याचा काय दोष होता?

१९८० च्या दशकात शरद जोशींनी इंडिया आणि भारत अशी मांडणी केली, तेव्हा पुष्कळ विद्वानांनी विचारले होते, की ही सीमारेषा नकाशावर कुठून जाते ते दाखवा. आम्ही सांगतो, कापड्याला या. ती एका घराच्या ओटीवरून जाते. घर एक, आडनाव एक, खांब एक, वायरमन एक. पुतण्याचा अर्ज इंडियाचा, काकांचा अर्ज भारताचा.

हिशेब मांडून पाहू

कोणी म्हणेल, गाडीला वीज लागते ती किती? पंपाला लागते ती किती? पंपाचा भार मोठा म्हणून वेळ लागतो. तर मग हिशेबच करू.

या गाडीची बॅटरी १२ युनिटची धरा. घरच्या सॉकेटवरून ती १० अँपियर ओढते. २३० व्होल्टच्या दाबाला हे झाले २३०० वॅट. भरताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर १३-१४ युनिट पडतात आणि बॅटरी भरायला सहा तास लागतात. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. तीन एचपी म्हणजे २२३८ वॅट. म्हणजे चाकरमान्याची गाडी अंगणात उभी राहून जी वीज पिते, ती आपल्या तीन एचपीच्या मोटरीच्या तोडीची आहे. शहरातले लोक भिंतीवर साडेसात किलोवॅटच्या आसपासचा चार्जर बसवतात. तो बसवला तर ती झाली दहा एचपीची मोटर! दहा एचपीची मोटर मागणाऱ्या शेतकऱ्याला वीजकचेरीत कसे पाहतात, ते तुम्हाला सांगायला नको.

पैशाचा हिशेबही पाहा. युनिटला दहा रुपये धरले तरी एका रात्रीचे १३५ रुपये होतात. तेवढेच पन्नास किलोमीटर पेट्रोलवर जायचे तर अशा वजनदार गाडीला चार लिटर लागतील आणि पेट्रोल शंभरी ओलांडून बसलेले आहे. म्हणजे एका रात्रीत अडीचशेच्या वर वाचतात. पुतण्याने हिशेब करून गाडी घेतली आहे.

आता त्याच १३-१४ युनिटांचा शेतातला हिशेब. तीन एचपीची मोटर तेवढ्या विजेत साडेचार-पावणेपाच तास चालते. विहीर ६० फूट धरा, पंप जुना धरा, निम्मी शक्ती वाया गेली असे धरा. तरी तासाला वीसेक हजार लिटर, म्हणजे एका रात्रीच्या चार्जिंगमध्ये नव्वद हजार लिटर पाणी वर येते. एका एकरावर दोन इंच पाणी उभे करायला दोन लाख लिटर लागतात. म्हणजे गाडीच्या दोन-सव्वादोन रात्रींची वीज झाली एक एकर कापसाचे एक ओलीत. बोंडे भरताना मिळालेले एक पाणी, ज्वारी पोटरीत असताना मिळालेले एक पाणी काय करते ते कोरडवाहू शेतकऱ्याला शिकवायला नको. त्या एका पाण्यावर साल तरते किंवा बुडते. गाडीला दोन रात्री वीज मिळाली नाही तर ती पेट्रोलवर जाते. ज्वारीला पोटरीत पाणी मिळाले नाही तर ती कशावर जाणार?

गाडीला कायदा आहे

ही केवळ एका कचेरीची किंवा एका साहेबाची गोष्ट असती तर आम्ही ती इथे मांडली नसती. भेद नियमांतच आहे.

केंद्र सरकारने २०२० मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुधारले. नव्या नियमानुसार नवीन जोडणी महानगरात ३ दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवसांत, ग्रामीण भागात १५ दिवसांत आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवसांत द्यायची आहे. त्याच सुधारणेत ग्राहकाला विजेवरची गाडी भरण्यासाठी घराच्या जोडणीखेरीज स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क दिला आहे. गाडीचे नाव घेऊन दिला आहे. नवी लाइन ओढायची असेल तर मुदत जास्त लागते हे आम्ही जाणतो. रानातल्या विहिरीपर्यंत खांब टाकणे आणि ओटीवर वायर ओढणे एक नव्हे. पण जास्त म्हणजे किती? एक पोर जन्मून चौथीत जाईपर्यंत?

कराचे पाहा. १ ऑगस्ट २०१९ पासून निव्वळ विजेवरच्या गाडीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला आणि चार्जरवरचा १८ वरून ५ वर. ट्रॅक्टरवरचा १२ टक्के जीएसटी ५ टक्के व्हायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. सहा वर्षे शहरातली गाडी ट्रॅक्टरपेक्षा स्वस्त कराची होती! आणि गंमत अशी, की हीच गाडी विजेबरोबर पेट्रोलवरही चालत असेल तर तिच्यावर सरकारची खप्पामर्जी. मोठ्या दुहेरी गाडीवर ४३ टक्के कर होता. सप्टेंबर २०२५ नंतर तो ४० टक्के आहे. घराच्या अंगणातून चाळीस किलोमीटर विजेवर जाणारी गाडी निम्मी चांगली की निम्मी वाईट, हे ठरवणारा बाबू दिल्लीत बसलेला आहे. गिऱ्हाइकाने काय घ्यावे हे गिऱ्हाइकाला ठरवू द्या, ही आमची भूमिका गाडीलाही लागू आहे.

आणखी एक नमुना. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय वीज मंत्रालयाने खुलासा केला, की पैसे घेऊन गाडी चार्ज करून देणे म्हणजे वीज विकणे नव्हे, ती सेवा आहे. तिला वीजविक्रीचा परवाना लागत नाही. उत्तम झाले. म्हणजे पोलादपूरच्या रस्त्यावर घर असलेल्या शेतकऱ्याने रीतसर जोडणी घेऊन महाबळेश्वरला निघालेल्या मुंबईकराची गाडी भरून दिली आणि पैसे घेतले तर तो उद्योजक. पण त्याच शेतकऱ्याने आपल्या मोटरीची वायर बांधापलीकडे टाकून भावाच्या सुकणाऱ्या पिकाला दोन तास वीज दिली तर तो काय? २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे ज्या जागेसाठी जोडणी मंजूर आहे तिच्या बाहेर वीज वापरणे अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. अनोळखी माणसाच्या गाडीला वीज दिली तर सेवा, सख्ख्या भावाच्या शेताला दिली तर गुन्हा. असा हा न्याय!

हा तर कापसाचाच एकाधिकार

कापूस पिकवणाऱ्यांना या न्यायाची ओळख जुनी आहे. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस आपला, घाम आपला, कर्ज आपले; पण विकायचा सरकारलाच. शेजारच्या राज्यात भाव बरा असला तरी सीमेवर गाडी अडवली जायची. आपला माल आपल्या राज्याबाहेर नेणारा शेतकरी तस्कर ठरायचा. ती योजना शेवटी स्वतःच्या ओझ्याखाली मोडली. पण ज्या डोक्यातून ती निघाली होती ते डोके जागेवरच आहे. ते आता विजेत बसले आहे. कापसाच्या वेळी म्हणत होते, तुम्ही विकायचे आम्हालाच. विजेच्या वेळी म्हणतात, तुम्ही घ्यायची आमच्याचकडून. आम्ही देऊ तेव्हा, देऊ तेवढी, देऊ त्या फेजवर.

सौर पंपाचेच घ्या. २०२४ पासून "मागेल त्याला सौर कृषी पंप" अशी योजना आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्याच्या वर साडेसात. ज्याच्या रानात ऊन आहे आणि पाणी फार खोल नाही, त्याने जरूर घ्यावा. दिवसा पाणी देता येते, रात्रीची पाळी टळते. पण नाव "मागेल त्याला" आणि व्यवहार "न मागेल त्यालाही"! ज्याला तारेची वीज हवी त्याला ती नाकारून सौर गळ्यात बांधायचा, याला योजना म्हणत नाहीत, सक्ती म्हणतात.

शिवाय हे पत्रे वर्षातले कितीतरी महिने नुसते ऊन खात पडून असतात. कोरडवाहू भागात विहिरीला पाणी असते हिवाळ्यापर्यंत. पुढे मोटर बंद, पत्रे चालू. तीन एचपीच्या पंपाचे पत्रे म्हणजे तीन किलोवॅट. नेमकी एक गाडी भरण्याजोगी वीज! कडबाकुट्टी चालेल, पिठाची गिरणी चालेल. पंपाबरोबर अशी दुसरी यंत्रेही चालवणारा कंट्रोलर कुसुम योजनेत मान्य झालेला आहे. मग तो सरसकट प्रत्येक पंपाबरोबर का देत नाहीत? शहरातल्या बंगल्याच्या छपरावरची जादा वीज मीटर उलटा मोजून जमा होते. आमच्या बांधावरची वीज मात्र मातीत जाते.

"फुकट वीज घेता ना?"

हे बोलू लागले की शहरातून एक प्रश्न हमखास येतो. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बळीराजा योजनेत मोफत वीज आहे. मग आता कशाला रडता?

उत्तर सरळ आहे. "भीक नको, हवे घामाचे दाम" म्हणणारी ही चळवळ आहे. फुकट विजेसाठी आम्ही कधी मोर्चा काढला नाही. ज्याच्याकडे जोडणीच नाही त्या काकांना फुकटचे काय? ज्याच्याकडे आहे त्याला थ्री फेज वीज अनेक ठिकाणी अजूनही पाळीपाळीने, आठवड्याचे काही दिवस रात्री. विंचू-काटा, साप, रानडुक्कर, बिबट्या यांच्या वाटेने हातात बॅटरी घेऊन दार धरायला जावे लागते. गाडीचा मालक मात्र चार्जरला वेळ लावून झोपी जातो. रात्रीची वीज त्यालाही मिळते, आम्हालाही मिळते. फरक एवढाच, की त्याने ती निवडलेली असते आणि आमच्यावर ती लादलेली असते.

आणि फुकट म्हणजे बेहिशेबी. ज्या पंपाला मीटर नाही, त्याच्या नावावर किती युनिट लिहायचे ते लिहिणाऱ्याच्या हातात. गळती, चोरी, गैरकारभार सगळे शेतीच्या खात्यावर टाकायचे आणि वर शेतकऱ्याला फुकट्या म्हणायचे, हा खेळ चळवळ वर्षानुवर्षे सांगत आली आहे. गाडीच्या चार्जरमागे मीटर आहे म्हणून चार्जरवाल्याला मान आहे. आम्हालाही मीटर द्या. दिवसा आठ तास पूर्ण दाबाची वीज द्या, शेतमालाचे रस्ते मोकळे करा आणि रास्त दराने बिल घ्या.

आमचे भांडण गाडीशी नाही

आपल्यातल्याच काही जणांना हे वाचून वाटेल, की ही मोटारवाल्यांची चैन बंद करा अशी मागणी करावी. तसे करणे चुकीचे होईल. नव्या यंत्राला दगड मारणे हे आपले काम नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळावी म्हणून आपण उभे राहिलो. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर येथे बंदी असलेले तणनाशकसहनशील बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. ज्या तोंडाने आपण बियाण्यात तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले, त्याच तोंडाने चार्जरला विरोध करणार?

उलट, या गाडीपासून शिकण्यासारखे आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि खांब काडीसारखे मोडले. २२ जुलै २०२१ ला महाडला पूर चढला, तळियेवर डोंगर कोसळला, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडींनी माणसे गिळली. अशा वेळी वीज दिवसचे दिवस जाते. निव्वळ विजेवरची गाडी तेव्हा अंगणातच अडकते. दुहेरी गाडी पेट्रोलवर निघते. दोन वाटा असलेला माणूस अडत नाही. आम्हीही तेवढेच मागतो. तार किंवा ऊन, दिवस किंवा रात्र, ही बाजारपेठ किंवा ती, निवड आमची.

शिवाय या गाडीची दोन्ही तोंडे शेताकडेच वळलेली आहेत. एक तोंड वीज खाते. ती आमच्या बांधावरच्या उन्हातून होऊ शकते. दुसरे पेट्रोल पिते. त्यात आज २० टक्के इथेनॉल आहे, उसाचे, मक्याचे, तुकडा तांदळाचे. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी कवडीमोलाने जाते, तिचेही इथेनॉल होऊ शकते. पण तिथेही सरकारचा हात आडवा. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचे भाव वाढतील म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी घातली. पुढच्या वर्षी उठवली. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांचा वीस हजार कोटींचा कारखाना उभारण्याचा करार टोयोटाने राज्य सरकारशी जुलै २०२४ मध्ये केला. गाड्या कापसाच्या मुलखात होणार असतील तर आनंदच आहे. त्या गाड्यांचे दाणापाणीही याच मुलखातून विकत घेतले जावे, एवढेच आमचे म्हणणे.

घरी चार्जर आला तर

तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, जावई उद्या अशी गाडी घेऊन येईल. घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे असे होऊ नये म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो.

शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी कधीही भरू नका. ती शेतीसाठी मंजूर आहे. वापर बदलला की तेच कलम १२६ आणि दुप्पट आकारणी. पाहुणा निघून जातो, बिल तुमच्या नावावर राहते. घरच्या जोडणीवर, घरगुती दराने भरता येते. पण मंजूर भार आधी वाढवून घ्या. एका रात्रीचे १३ युनिट म्हणजे महिन्याला चारशेच्या घरात; घरगुती बिल वरच्या टप्प्यात जाते, ते पाहुण्याशी आधीच बोलून ठेवा. अर्थिंग पक्के करा, चार्जरला स्वतंत्र वायर, स्वतंत्र खटका आणि गळती होताच वीज तोडणारे यंत्र लावा. लाकडी फळीवरच्या जुन्या सॉकेटला सहा तास असा भार दिला तर ते वितळते. जोडून लांबवलेली वायर वापरू नका. हे अर्थिंग गाडीसाठी केलेत तरी घरातल्या माणसांनाही उपयोगी पडते. आजवर माणसांसाठी केले नव्हते, गाडीसाठी करावे लागले, याचा विचार ज्याने त्याने करावा.

जिल्हा मेळाव्यात मांडायचे ठराव

एक : गाडीच्या जोडणीला जशी दिवसांत मोजलेली मुदत आहे, तशी शेतीपंपालाही असावी, लाइन ओढायची असेल तर त्याची मुदतही लेखी सांगावी. मुदत मोडली तर नियमांतली भरपाई मागायला न लावता द्यावी.

दोन : प्रलंबित अर्जांची यादी अर्जाच्या तारखेसह प्रत्येक वीजकचेरीच्या दारावर लावावी.

तीन : तारेची वीज की सौर, हे शेतकरी ठरवेल. सक्ती बंद करावी. सौर पंपाच्या पत्र्यांवरची वीज कोणत्याही कामाला वापरण्याची आणि जादा झाली तर विकण्याची मुभा असावी.

चार : गाडीला वीज देणे ही जशी सेवा मानली, तशी बांधापलीकडच्या शेताला वीज देणे हीसुद्धा सेवा मानावी.

पाच : शेतीला दिवसा आठ तास, पूर्ण दाबाची थ्री फेज वीज, प्रत्येक डीपीला आणि पंपाला मीटर.

यात एकही मागणी सूट-सबसिडीची नाही हे ध्यानात घ्या. पुतण्याला जे मिळाले ते काकांना मिळावे, एवढेच आहे.

कापड्याहून निघताना काकांनी आम्हाला त्यांच्या अर्जाची पावती दाखवली. घडीवर घडी पडून कागद चार ठिकाणी फाटला आहे; त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे जपून ठेवला आहे. तुमच्याही घरात अशी एक पावती असेल. मेळाव्याला येताना ती घेऊन या. भाषणे कमी करू. सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावू, सर्वांत जुनी सर्वांत वर ठेवू आणि तो गठ्ठा घेऊन वीजकचेरीत जाऊ. साहेबाला एकच विचारू : गाडीला पंधरा दिवस, डोंगरात तीस, आमचे किती, ते आजच्या आज या कागदावर लिहून द्या.